न तुटलेली पिवळी रेघ

दिनांक : १४ मार्च

प्रति,
मा. मुख्य वाहन तपासणी अधिकारी,
वाहन तपासणी कार्यालय,
तळमजला, यार्डाच्या बाजूचे दार.

अर्जदार : अपघातग्रस्त पिकअपची उंची वाढवणारा मिस्त्री, पेट्रोल पंपामागचे गॅरेज.

विषय : येत्या २० तारखेच्या लिलावापूर्वी सदर पिकअपच्या मागील डाव्या बाजूच्या एका नटावर टॉर्क पाना लावून पाहण्याबाबत, आणि अहवालातील ‘चालकाचा अतिवेग’ हा शेरा रद्द करण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचा दोन वर्षांपूर्वीचा अपघात तपासणी अहवाल. २) माझे यापूर्वीचे चार अर्ज. ३) त्या चारही अर्जांना आलेले एकच उत्तर.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी गेली बावीस वर्षे गाड्यांच्या पाट्यांचे व शॉकअपचे काम करतो. अपघातात गेलेले चालक हे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. डोंगरावरच्या मोबाइल टॉवरांना डिझेलची पिंपे पोचवणे हा त्यांचा धंदा. त्या चढावर गाडीचे पोट दगडांना घासत असे, म्हणून त्यांच्या सांगण्यावरून व आपल्या कार्यालयाच्या रीतसर मंजुरीने मी त्यांच्या पिकअपला लिफ्ट किट बसवले. गाडी पंचाहत्तर मिलिमीटर उंच झाली. त्या दिवशी ते खाली वाकून पाहून म्हणाले, “दादा, आता हिच्याखालून मांजर ताठ मानेनं जाईल.” मी त्यांना जावईबापू म्हणे. बाकी सगळे त्यांना ‘सावकाश’ म्हणत, कारण त्यांच्या गाडीमागे अडकलेला माणूस कधी घरी वेळेवर पोचल्याचे कुणाच्या ऐकिवात नाही.

२. अशा माणसाच्या मृत्यूचे कारण आपण ‘अतिवेग’ असे लिहिले आहे. भर दुपारी, रिकामी पिंपे घेऊन उतरताना, तिसऱ्या वळणावर गाडी डावीकडे दरीत गेली. रस्त्यावर ब्रेकच्या खुणा नाहीत, सबब वेग जास्त असावा, असा आपल्या निरीक्षकांचा तर्क आहे. ज्यांनी तो केला त्यांनी जावईबापूंच्या मागून एकदा तरी गाडी चालवून पाहायला हवी होती. माफ करावे. अर्जात असे लिहू नये हे मला कळते, पण चार अर्ज शिस्तीत लिहून झाले आहेत.

३. आपणांस माहीत आहेच, तरी नोंदीसाठी लिहितो. उंची वाढवताना मागच्या पाट्याच्या, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या, आणि एक्सलच्या मध्ये एक लोखंडी ठोकळा बसतो, आणि हे सगळे लांब यू-बोल्टने एकत्र आवळले जाते. एका बाजूला चार नट, दोन्ही मिळून आठ. टॉर्क पान्यावर ठरलेला जोर पडला की पाना ‘टक’ असा वाजतो. वाजला की नट बसला. पुढे पाचशे किलोमीटर गाडी धावली की सगळे अंग धरते आणि नट थोडे सैलावतात, म्हणून आठही नट पुन्हा एकदा आवळावे लागतात. ते झाले की प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीपर्यंत पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायची. नंतर कधी नट फिरला तर रेघ तुटते आणि बघणाऱ्याला लगेच कळते. आधी आवळणे, मग रेघ. या क्रमात बदल नाही.

४. मी बदल केला. पाचशे किलोमीटर झाल्यावर जावईबापू रविवारी गाडी घेऊन आले. त्या दिवशी रंगाची डबी उघडी राहून तिच्यावर साय धरू लागली होती. नवी आणायचा कंटाळा, म्हणून रंग वाया जायच्या आत आठही नटांवर आधी रेघा ओढून टाकल्या. त्या वाळल्यावर पाना घेतला. सात नट आवळले. सात वेळा टक झाले. आठवा नट डाव्या बाजूचा, आतल्या अंगाचा. तिथे हात नीट पोचत नाही. कुणी हाक मारली नव्हती, फोन वाजला नव्हता, मलाच भूक लागली होती. जेवून आल्यावर खाली नजर टाकली तर आठही नटांवर पिवळे दिसले. पिवळे दिसले म्हणजे काम झाले, ही बावीस वर्षांची सवय. मी पाना कपाटात ठेवला आणि गाडी सोडली. एक नट ढिला राहिला की उरलेल्या तिघांवर भार येतो, ठोकळा हळूहळू सरकतो, एक्सल वाकडा होतो आणि मग गाडी चालवणाऱ्याचे काही ऐकत नाही. ती आणखी छत्तीस दिवस चालली.

५. आता आपल्या अहवालातील छायाचित्र क्रमांक ११ पाहावे. सात नटांवरची रेघ तुटलेली आहे आणि एकावरची अखंड आहे. निरीक्षकांनी लिहिले की, सात नट अपघाताच्या धक्क्याने हलले, मात्र आठवा जागचा हलला नाही, यावरून मूळ काम उत्तम होते. महोदय, नेमके उलटे आहे. ते सात नट मी रेघ ओढल्यानंतर आवळले, म्हणून त्यांच्या रेघा तुटल्या. आठव्याला पाना लागलाच नाही, म्हणून त्याची रेघ जशीच्या तशी राहिली. आपण सात साक्षीदारांना दोषी धरले आणि गुन्हेगाराची पाठ थोपटली.

६. नुसती पाठ थोपटून आपण थांबला नाहीत. त्याच छायाचित्राचे आपण भिंतीवरचे पत्रक काढले. त्यावर ‘सुरक्षित जोडणी अशी असते’ असे ठळक अक्षरात छापून, त्या आठव्या नटाभोवती हिरवे वर्तुळ काढून, ते सगळ्या गॅरेजांना वाटले. माझ्याही आले. दर्शनी भागी लावणे बंधनकारक असल्याने ते माझ्या हत्यारांच्या फळीवर लावलेले आहे. सोबत मला प्रशस्तिपत्रही मिळाले. मी येताजाता त्या नटाकडे पाहतो. इतर मिस्त्री माझे अभिनंदन करतात आणि विचारतात, एवढी सुबक रेघ कशी ओढता हो?

७. येथून पुढचा मजकूर आपल्या कार्यालयाच्या कक्षेत येतो की नाही, मला माहीत नाही. दुपारी एक ते दोन माझे गॅरेज बंद असते. शटर अर्धे ओढून मी बाहेर बाकावर जेवतो. गेले दीड वर्ष त्या वेळात आतून पान्याचा आवाज येतो. टक. मग दुसरा नट गाठायला लागेल एवढा वेळ, मग पुन्हा टक. असे सात वेळा. त्यानंतर काही नाही. मी घास हातात धरून बसतो. पहिल्यांदा वाटले, उंदीर. मग वाटले, पत्रा तापतो. पाना कपाटात कुलपात ठेवून पाहिला, शेवटी तपासणीसाठी म्हणून तीन आठवडे दुसऱ्या गावी पाठवून पाहिला. आवाज सातच आले, आणि वेळेवर आले. माझे डोके फिरले आहे असा शेरा मारून आपण हा अर्ज फाइलबंद करू नये म्हणून लिहितो की, हा आवाज माझ्या बहिणीनेही ऐकला आहे. ती मला रोज डबा आणून देते आणि समोर बसते. पावसाळ्यातल्या एका दुपारी ती म्हणाली, “दादा, आत कोण काम करतंय?” मी म्हणालो, शेजारचा वेल्डर. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, “रोज सात वेळा वाजतं. मग तो एवढा वेळ कशाला थांबतो?”

८. या बहिणीसाठी हा अर्ज आहे. अपघाताच्या दिवशी दुपारी तिने जावईबापूंना फोन केला होता. मुलीला ताप होता. ती म्हणाली, “लवकर या.” एवढेच. तासाभराने गाडी दरीत गेली. आपला अहवाल आल्यावर तिने ‘अतिवेग’ हा एक शब्द वाचला आणि अहवाल घडी करून उशीखाली ठेवला. ज्या माणसाने जन्मात घाई केली नाही तो आपल्या शब्दाखातर घाईने आला आणि मेला, असे तिने धरले आहे. ती आता कुणालाच लवकर ये म्हणत नाही. मुलगी शाळेतून यायला उशीर झाला तरी दारात गप्प उभी राहते, फोन करत नाही. सासरची माणसे एकदा तिच्या तोंडावर म्हणाली, तू बोलावलंस म्हणून गेला. मी तिथेच बसलो होतो. माझ्या हातात चहा होता, मी तो प्यायलो.

९. मी चार अर्ज केले. उत्तर एकच आले : “वाहनात दोष आढळून आलेला नाही. अर्जदाराचे काम समाधानकारक आहे. प्रकरण निकाली.” मी समक्ष भेटलो तेव्हा आपल्या कार्यालयातील लिपिक मोठ्या आपुलकीने म्हणाले, “अहो मिस्त्री, लोक इथे आपला दोष नाही म्हणून भांडायला येतात. आपला दोष आहे असं सांगायचा नमुनाच आमच्याकडे नाही.” तक्रारीचा नमुना भरून दिला तर तो परत आला, कारण तक्रारदार आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो एकच इसम असू शकत नाही. तिसऱ्या खेपेस त्यांनी मला चहा पाजला, विश्रांती घ्या म्हणाले, आणि त्या पत्रकाची आणखी एक प्रत दिली.

१०. मागच्या चारही अर्जांत मी एक गोष्ट लिहिली नव्हती. ती लिहितो. त्या रविवारी सातवा नट झाल्यावर मी हात पुसत उठलो तेव्हा जावईबापू शेजारी उकिडवे बसले होते. त्यांनी विचारले, “दादा, एक राहिला का?” मी हसून म्हणालो, “जावईबापू, तुम्ही गाडी चालवा. नट माझ्याकडे सोडा.” ते मान हलवून उठले. म्हणजे ती केवळ चूक होती असे मला म्हणता येत नाही. मला विचारले गेले होते. त्यांनी मोजले होते आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

११. सबब विनंती की, आपल्या यार्डात पडून असलेली पिकअप लिलावात जाऊन भंगारात कापली जाण्यापूर्वी आपल्या माणसाने आपल्या पान्याने तो एक नट आवळून पाहावा. मी हात लावणार नाही, लांब कुंपणापाशी उभा राहीन. पाना जागेवरच वाजला तर मी खोटा. माझे पाचही अर्ज फाडून टाकावेत. नट फिरला, तर ‘चालकाचा अतिवेग’ हे शब्द खोडून तेथे ‘मिस्त्रीने काम अपुरे सोडले’ असे लिहावे, सर्व गॅरेजांतील पत्रके काढून घ्यावीत, आणि माझ्यावर जी होईल ती कारवाई करावी. प्रशस्तिपत्र मूळ प्रतीत सोबत परत करत आहे. दोन मिनिटांचे काम आहे, महोदय. २० तारखेनंतर ते कुणालाच करता येणार नाही.

१२. आपल्या कार्यालयाकडून सुधारित अहवाल आला की तो बहिणीपुढे ठेवायचा, म्हणजे मला तोंडाने काही सांगावे लागणार नाही, असा माझा दोन वर्षे बेत होता. एवढ्यासाठीच मी आपल्यामागे लागलो होतो, हेही कबूल करतो. काल लिलावाची नोटीस वाचली आणि हा बेत सुटला. आज दुपारी डबा घेऊन ती आली तेव्हा हा अर्ज तिला पहिल्यापासून दहाव्या परिच्छेदापर्यंत वाचून दाखवला. वाचून झाल्यावर तिने विचारले, “म्हणजे ते घाईत नव्हते?” मी म्हणालो, नव्हते. ती खूप वेळ रडली. मी जवळ जायला उठलो तेव्हा तिने हाताने मला तिथेच थांबवले. मग तोंड पुसून म्हणाली, “अर्ज दे. पण मी माफ केलं असं त्यात कुठे लिहू नकोस.”

तसे कोठेही लिहिलेले नाही. या अर्जाचे उत्तर कृपया माझ्या नावे न पाठवता, सोबतच्या पत्त्यावर, तिच्या नावे पाठवावे.

आपला नम्र,
(सही)
मिस्त्री