दोऱ्याचं माप

ती. आईस,
तुझ्या धाकटीचा नमस्कार.

मी बरी आहे. शिवणाच्या दुकानात पुन्हा पूर्ण दिवस बसते. बाबांचा गुडघा कसा आहे? काठी घेतात की अजून तुझ्याच खांद्याचा आधार?

फोटोवर तुझा विश्वास नाही, म्हणून दर महिन्यासारखा केसांच्या मापाचा दोरा सोबत पाठवते आहे. केमो संपून दहा महिने झाले, केस कानापर्यंत आले. आधी मेंढीसारखे कुरळे होते, आता सरळ होऊ लागलेत. मालकीणबाई म्हणाल्या, "आता तरी तो रुमाल सोड बाई, गिऱ्हाइकं मला विचारतात, हिला थंडी वाजते का?" म्हणून सोडला होता. गेल्या आठवड्यापासून पुन्हा बांधते. भांगाजवळ केस जरा विरळ झालेत.

डॉक्टर म्हणाल्या, केमोनंतरच्या गोळ्यांनी असं होतं. ताई जाण्याआधी तिचेही केस केमोनंतर असेच छान आले होते आणि मग भांगापासून विरळ झाले, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि गुरुवारी तपासणीला बोलावलं.

तू काळजी करू नकोस. दोरा मागच्यापेक्षा अर्ध्या पेराने लांब आहे, लावून बघ. ताईचा शेवटचा दोराही लांबच होता, हे मला आठवतं. दाटपणा दोऱ्याने कळत नाही.

एवढं कर. ताईचे दोरे ज्या डब्यात आहेत, त्यात हा ठेवू नकोस.

तुझीच,
धाकटी