सात दिवसांचं कृष्णविवर

प्रिय शाव्कत,

तुझा निरोप येऊन पाच आठवडे झाले. एवढ्यात चार ओळींचं उत्तर सहज देता आलं असतं, आणि मी ते तीनदा लिहिलंही. वही शोधते आहे. कपाटाची किल्ली सापडत नाही. बर्फामुळे वरचा रस्ता बंद आहे. तिन्ही गोष्टी खोट्या. रस्ता उघडा आहे आणि कपाटाला कुलूप कधीच नव्हतं, आपल्याकडून चोरायला कोण येणार होतं. सव्वीस वर्षांत तू माझ्याकडे एकच गोष्ट मागितलीस, तीही वस्तू नव्हे, तुझ्या निरीक्षणांच्या वहीतल्या एका पानाचा फोटो. म्हणून फोनवर टाइप करत बसले नाही, कागद घेतला.

निगिनानं जेवताना तुला तो नवा शोधनिबंध दाखवला म्हणे. आपण दोघं मोजायचो त्या दूरच्या दीर्घिकेच्या पोटातलं कृष्णविवर परदेशातल्या कुठल्याशा मोठ्या चमूनं पुन्हा मोजलं: एक कोटी चाळीस लाख सूर्यांचं वजन. तू चमचा खाली ठेवून म्हणालास, हा आकडा माझा आहे, शहाण्णव सालचा. त्यावर तुझी लेक म्हणाली, "हो बाबा, आणि चंद्रावरचं पहिलं पाऊलही तुमचंच. आता कामावर जा आणि तेवढी सातव्या मजल्यावरची लिफ्ट सुरू करून या." जीभ कुणाची घेतली पोरीनं ते विचारत नाही; तुझी बायको शांत आहे असं ऐकून आहे. पण तू हसला नाहीस. थांब, पुरावाच दाखवतो, असं म्हणून बसलास. आता ती रोज संध्याकाळी दारातच विचारते, "आली का वही?" आणि पहिल्या आठवड्यात ती चेष्टेनं विचारत होती, आता दयेनं विचारते, असंही तू लिहिलंस. ते वाक्य मी पुन्हा वाचलं नाही. एकदाच पुरलं.

इकडची बातमी म्हणशील तर डोंगर जागेवर आहे. दोम्लांना, तुझ्या-माझ्या गुरुजींना, जाऊन चार वर्षं झाली. शेवटपर्यंत ते सकाळी नान आणि कोऱ्या चहाबरोबर कुणाचा तरी अपमान खायचे, आणि तो मिळाला नाही तर दिवसभर भुकेले राहायचे. वेधशाळेच्या फाटकावर त्यांचा आकडा लोखंडी अक्षरांत लावलाय: नऊ कोटी सूर्य. नवा निबंध आल्यावर मी संचालकांकडे गेले, म्हटलं बोतिर-अका, ही अक्षरं उतरवायला हवीत. ते म्हणाले, "अहो सओदत-ओपा, गेल्याच शरदात रंग दिलाय. कृष्णविवर कुठे पळून जातंय का? रंग उडाला की बघू." आमच्याकडे सत्य असं तैलरंगाच्या टिकाऊपणावर चालतं. सहली येतात तेव्हा मी मुलांना त्याच फाटकाखाली उभं करते आणि सांगते की हे विवर सूर्याच्या जागी आणून ठेवलं तर पृथ्वी आणि मंगळ दोन्ही त्याच्या पोटात जातील. पोरं आ वासतात. तुझं विवर बुधाच्याही अलीकडे थांबत होतं. त्याला कोण आ वासणार?

निगिनाला तू कसं समजावलं असशील, मला माहीत आहे. केंद्राजवळचा वायू उजळला की दूरच्या ढगांना ते लगेच कळत नाही, प्रकाश तिथवर पोचायला हवा. ते किती दिवसांनी उजळतात यावरून त्यांचं अंतर, आणि त्यांच्या वेगावरून आतल्याचं वजन. पंचेचाळीस दिवस म्हटलं की नऊ कोटी सूर्य. सात दिवस म्हटलं की एक कोटी चाळीस लाख. एका आकड्यावर सगळा संसार. दोम्लांचे पंचेचाळीस कुठून आले ते तूच पहिल्यांदा ओळखलंस. मोठी दुर्बीण आपल्याला फक्त अमावास्येच्या बाजूचा पंधरवडा मिळायची. ढगांचं उत्तर चांदण्यात येऊन जायचं, आणि आपण पुढच्या अंधारात भलताच कुठला तरी उजाळा धरून त्याची सांगड घालायचो. पंचेचाळीस म्हणजे चंद्राचा दीड महिना. तू मात्र त्या फेब्रुवारी-मार्चात, पाहुणे शास्त्रज्ञ येत नाहीत आणि दुर्बीण मोकळी आहे असं बघून, चांदणं असो नसो, लागोपाठ अडतीस रात्री मोजत बसलास. मी शेजारी बसून आकडे लिहीत होते. माझ्याच अक्षरात होते ते सगळे.

बैठकीतलं तुझं वाक्य मला अजून पाठ आहे: "दोम्ला, हे अंतर आकाशाचं नाही, आपल्या वेळापत्रकाचं आहे." आणि त्यांचं उत्तरही: "चांदण्यात लोक गझला म्हणतात, बेटा, वर्णपट घेत नाहीत. आणि रात्रभर पोटात काय होतं तुझ्या, चहाच ना?" सगळे हसले. मग ते माझ्याकडे वळले. "सओदत, लिहायला तू होतीस. हात कसा चालत होता ह्याचा?" तू थेंबही घेत नव्हतास. अडतीसही रात्री तू माझ्यासाठी चहा ओतलास आणि बशीत सांडला नाहीस. मी म्हणाले, "थंडी फार होती, दोम्ला. कुणाचाही हात थरथरला असता." हे वाक्य मी नंतर पुष्कळ वेळा तपासून पाहिलं. त्यात एक शब्द खोटा नाही. असं चोख वाक्य मी प्रबंधातही लिहिलं नाही, आणि तो प्रबंध मे महिन्यात सादर व्हायचा होता, दोम्लांच्या पंचेचाळीस दिवसांवर उभा. एप्रिलमध्ये तू कायमचा खाली गेलास. मी बस दिसेनाशी होईपर्यंत थांबले, असं तुला वाटत असेल तर सांगते, बस वळायच्या आधीच मी वर निघाले होते.

परवा सहलीतल्या एका मुलीनं विचारलं, ओपा, आत पडलेल्या वस्तूंचं काय होतं? मी सांगितलं, वजन राहतं. काय पडलं होतं, कुणाचं होतं, कसं दिसत होतं, हे बाहेरून कुणालाही सांगता येत नाही. किती पडलं एवढंच कळतं. ती म्हणाली, "म्हणजे विचारून उपयोगच नाही." हुशार आहे. तिला मी दोनदा साखर-बदाम दिले आणि बसमध्ये बसवलं.

आता वही. तू गेल्यानंतरच्या हिवाळ्यात पीटर्सबर्गहून एका अनोळखी खगोलशास्त्रज्ञाचं पत्र आलं. त्यालाही चंद्राचा संशय आला होता. तुमच्याकडे चांदण्या रात्रींची निरीक्षणं आहेत का, असतील तर पाठवा, ज्यानं घेतली त्याच्या नावानं छापू. दोम्ला तापानं पडले होते, उत्तर मी दिलं: नाहीत. त्याच दुपारी डिझेल संपलं. आर्चाची लाकडं ओली होती, शेगडी पेटेना, आणि मी कपाटातून तुझी वही काढली. पानं चांगली जळली, कागद जाड होता. दोम्लांना चहा मिळाला. मी आजवर स्वतःला सांगत आले की गारठ्यात माणूस हाताला लागेल ते जाळतो. शाव्कत, शेगडीच्या शेजारी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा माझ्या गुडघ्याइतका उंच होता. तुला हे गठ्ठ्याचं कळायला हवं होतं, म्हणून हे पत्र. फोटो येणार नाही. त्याऐवजी लिहून देते: शहाण्णव सालच्या फेब्रुवारी-मार्चात, अडतीस रात्री मोजून, सात दिवस हा आकडा शाव्कतनं काढला, माझ्या डोळ्यांदेखत, न थरथरणाऱ्या हातानं. निगिनाला दाखव. ती म्हणेल आजच्या तारखेचं पत्र तेव्हाचा पुरावा होत नाही, आणि ते बरोबर आहे. विज्ञान शिकते आहे पोरगी. हा आकडा तुझा होता हे ठाऊक असलेली जगात दोनच माणसं उरली आहेत, आणि त्यातल्या एकीच्या शब्दावर कुणी का विश्वास ठेवू नये, ते वर मी माझ्याच हातानं लिहून दिलं आहे.

तुझी ('च' लावायची सोय मी ठेवली नाही),
सओदत