सहा महिन्यांत जिवलग

१२ जुलै १९९९, सोमवार. दौंड.

कोर्सची फी पावतीवर लिहिलेली आहे. खरी किंमत वेगळीच. मिशी गेली. एकवीस वर्षांची होती, पण पोरांत मिसळायचं म्हणून काल शिरूरला काढून टाकली. दुपारची झोप गेली. दुकान सहा महिने मेहुण्याच्या ताब्यात गेलं, म्हणजे गेलंच धरायचं.

वायरमनचं लायसन्स हे निमित्त. खरं कारण इथं लिहितो, ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही म्हणून. मार्चमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. नऊ दिवस कॉटवर. भेटायला सात माणसं आली. सहा जणांनी आपली मोटार कधी मिळेल ते विचारलं. सातवा चुकून त्या वॉर्डात शिरला होता.

निमोण्याहून हात हलवत शिरूरला आलो. मोटार रिवायंडिंगचं दुकान टाकलं, नाव केलं, घर बांधलं. मित्र तेवढा राहून गेला. मित्र शाळा-कॉलेजात होतात आणि माझी शाळा दहावीला सुटली. आता बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा बाकावर बसतोय, तर बॅकलॉग भरून काढू.

संकल्प: सहा महिन्यांत एक जिवलग मित्र. जमल्यास दोन.

निघताना सुवर्णा म्हणाली, पोरांच्यात राहणार, तर त्यांचंबी जरा ऐकून घ्या. मी म्हणालो, मोटार चालू केली की नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते मी सांगतो, माणूस काय अवघड आहे? आणि घरात बसून माणसं जोडली जात नसतात. त्याला घर सोडून लांब जाऊन राहावं लागतं. ती डबा घासत होती. आणखी जोरात घासायला लागली. पटलं असणार.

१३ जुलै

खोली वच्छलाबाईंची, रेल्वेलाइनच्या कडेला. गाडी गेली की फळीवरची भांडी वाजतात. खोलीत आणखी दोघे. रोहन, इंदापूरचा, डोक्याला जेल. आणि संघर्ष, पाटसजवळच्या वाडीचा, एकोणीस वर्षांचा. बोलतो कमी.

पोरांना म्हणालो, मामा-बिमा म्हणायचं नाही, सरळ दगड्या म्हणायचं. (दगडोबा हे जुन्या वळणाचं वाटतं.) मग रोहन म्हणाला, बरं, दगड्यामामा.

सुरुवात चांगली.

१९ जुलै

घरचा डबा सुरू. सुवर्णा सकाळी सहाच्या शिरूर-दौंड एसटीत ड्रायव्हरच्या मागं ठेवते, आम्ही इथल्या स्टँडवर उतरवून घ्यायचा, रिकामा संध्याकाळच्या गाडीनं परत. तिला सांगितलंय, डबा तिघांचा करायचा. सोबत जेवलं की माणूस मोकळा होतो, हा माझा अनुभव. (अनुभव नाही. अंदाज.)

जेवताना संघर्ष पहिल्यांदाच आपणहून बोलला. म्हणाला, मामा, डबा आणायला मी जात जाईन, पोचवायलाबी मीच. मी म्हणालो, अरे कशाला त्रास? तर म्हणाला, त्रास कसला, तेवढंच.

एका आठवड्यात एवढा जीव! वेळापत्रकाच्या पाच महिने पुढे आहे.

२ ऑगस्ट

सर वयानं माझ्या मेहुण्याएवढे. आज प्रॅक्टिकलला मोटार चालू करून म्हणाले, आता हिच्यातला दोष पायरीपायरीनं कसा शोधायचा ते पाहू. मी मागच्या बाकावरून म्हणालो, मागचं बेअरिंग. उघडली. मागचंच. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, मग उरलेल्या तासात मी काय करू? तास चाळीस मिनिटं आधी सुटला. वर्गात माझी लोकप्रियता वाढत आहे.

संघर्षला सरांना काहीतरी विचारायचं होतं. त्यानं तोंड उघडलं तोवर मीच उत्तर दिलं. तो म्हणाला, मामा, मला दुसरं विचारायचं व्हतं. असेल. पण मी दिलेलं उत्तर पुढं कधीतरी उपयोगी पडेल.

१४ ऑगस्ट, शनिवार. दुपारी ३

दर शनिवारी शिरूरला जातो. आज बॅग भरून जरा डोळे मिटून पडलो होतो. पोरांना वाटलं झोपलो. रोहन म्हणाला, मामा एकदा गाडीत बसले की टेप लावू. संघर्ष म्हणाला, हळू बोल, त्यांचे कान लई तिखट हायत. रोहन म्हणाला, आठवड्यातनं एकच तर संध्याकाळ आपली.

गलबलून आलं. माझ्यामागं पोरांना टेप लावून वेळ काढावा लागतो. शिरूरला जाणं रद्द.

रात्री ८

संध्याकाळभर त्यांना माझ्या उमेदीच्या काळाची हकिकत सांगितली. पहिलं भाड्याचं दुकान, पहिली जळालेली मोटार, सगळं. रोहन दोनदा पाणी आणायला गेला. दुसऱ्यांदा तासानं आला. नळावर गर्दी असते. संघर्ष मात्र शेवटपर्यंत बसला. मध्येच म्हणाला, मामा, माझ्या घरी जरा... तेवढ्यात मला अपेंडिक्सचं आठवलं. तेही सांगितलं.

यापुढे पोरांसोबतचा एकही शनिवार चुकवायचा नाही.

२५ ऑगस्ट

महिना झाला, भाजी मिळमिळीत. बूथवरून फोन केला, म्हटलं, घरातलं तिखट संपलं का? सुवर्णा म्हणाली, पोटाला बरं असतंय. कुणाच्या, ते बोलली नाही. माझ्याच असणार, ऑपरेशन झाल्यापासून धसकलीय.

संघर्ष वाटी पुसून खात होता. त्याला म्हणे तिखटानं तोंड येतं. योगायोग.

९ सप्टेंबर

फोनवर सुवर्णानं विचारलं, संघर्षचा ताप उतरला का?

मी म्हणालो, कसला ताप? खोलीवर येऊन पाहिलं तर पोरगं खरंच पांघरूण घेऊन पडलेलं. तिसरा दिवस, तरी डब्याला तोच जात होता. मला ते आळसाचं लक्षण वाटलं होतं आणि काल मी त्याला सूर्यनमस्कार घालायला लावले होते. सहा घातले बिचाऱ्यानं.

सुवर्णाला कसं कळलं? बहुधा मीच आधी सांगितलं असणार आणि विसरलो. वय होतंय. हे पोरांना कळू द्यायचं नाही.

२७ सप्टेंबर

अर्धा काळ संपत आला. आढावा घेतला.

रोहन: मध्यम. हल्ली अभ्यासाला दुसऱ्या मित्राच्या खोलीवर बसतो. इथं जागा कमी पडते.

संघर्ष: जिवलग, असं लिहायला हरकत नाही. माझ्यापासून काही लपवत नाही. कधीही विचारा, काय रे, काय चाललंय? तो म्हणतो, काही न्हाई मामा. लपवण्यासारखं काही असतं तर आवाजात कळलं असतं.

गणपतीपासून मात्र दर दोन दिवसांनी रात्री घरी जातो, सकाळी डबा घेऊनच येतो. पोरांना गाव सुटत नाही. त्याला सांगितलं, इतकं घरकोंबडं राहू नये, मला बघ, शिरूर सोडून आलोच ना? तो हो म्हणाला.

६ ऑक्टोबर

वच्छलाबाई पाणी तापवताना म्हणाल्या, आवं दगडोबा, येक सांगू का, रागवू नका. तुमी मानूस सोन्यावानी. पर तुमचे कान समदे मोटारीला, मान्सांसाठी नुसतं तोंड.

मी हसलो. बाईंना विनोद छान जमतो. मग मोटारीच्या आवाजाचं शास्त्र समजावून सांगितलं. पाणी उकळून गेलं.

१८ ऑक्टोबर, सोमवार. सायंकाळी ६

संघर्षची कॉट रिकामी. वळकटी नाही, ट्रंक नाही.

वच्छलाबाई म्हणाल्या, त्यो दुपारीच गेला की, रिकामा डबा ष्टँडवर देऊन. बाप आधीपास्नंच आजारी, गणपतीपास्नं तर आंथरुनावर पडलाय. येक बाजू पार गेली. घरात कमावनारं कोन? गुऱ्हाळावर कामाला लागलाय.

रोहनला ठाऊक होतं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला ठाऊक होतं. इस्त्रीवाला मला म्हणाला, तुमच्याच खोलीवरचा ना, मामा?

मी वच्छलाबाईंना म्हणालो, मग मला का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, तुमी कवा गप बसला व्हता? तीनदा माझ्याम्होरं तोंड उघडलं त्यानं. येकदा तुमी त्येला आपरेशान सांगितलं, येकदा दुकान, आन् येकदा तर म्हनला, घरी सारखं जाऊ नको.

रोहन म्हणाला, मामा, तुम्ही वाईट नाही हो, पण... आणि पाणी आणायला गेला. हंडा भरलेला होता.

पोरगं लाजाळू, दुसरं काही नाही. अशा वेळी जिवलग मित्रानं काय करावं, ते मला कळतं. जेवण गेलं नाही.

१९ ऑक्टोबर, दसरा. सकाळी साडेआठ

आज डबा आणायला मीच गेलो. घाईत असलेल्या कंडक्टरनं विचारलं, ते पोरगं कुठाय? आणि हातात डबा दिला. हलका लागला.

उघडून पाहिलं. दोघांपुरत्याच चपात्या. संघर्ष गेल्याचं मी घरी अजून सांगितलेलं नाही.

सणाच्या गडबडीत चुकलं असेल.

२३ ऑक्टोबर, शनिवार

उद्या पाटसला जायचं. जानेवारीच्या परीक्षेचे फॉर्म तीस तारखेपर्यंतच घेणार. पोरगं फॉर्म न भरता गुऱ्हाळावर राहिलं तर वर्ष गेलं, आणि अशी पोरं पुन्हा परतत नाहीत, हे मी स्वतःवरून सांगतो. त्याला परत आणणं ही माझी जबाबदारी. त्याला दुसरं आहे कोण?

बोलायचे मुद्दे लिहून काढले. दोन पानं झाली. रोहनला वाचून दाखवली. तो म्हणाला, मामा, थोडं कमी बोला. एक परिच्छेद कापला.

२४ ऑक्टोबर, रविवार. रात्री

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

पाटसला उतरलो, विचारत विचारत गुऱ्हाळावर पोचलो. संघर्ष चिपाडं टाकून जाळ सारत होता. भुवया करपलेल्या. मला पाहून धावत आला, म्हणाला, मामा, तुमी? बसा की. काकवी प्यायला दिली. रस गाळणाऱ्या चरकाच्या मोटारीचा आवाज बिघडलेला होता. सांगायला तोंड उघडलं. मिटलं.

मालकाला विचारून तो मला घरी घेऊन गेला. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली खाट, खाटेवर वडील. त्यांनी डावा हात थोडा उचलला. त्याची आई, चांगुणाबाई, जयभीम म्हणून पदर सावरत उठल्या. माझ्यासाठी लोखंडी खुर्ची मांडली.

मी कागद काढून भाषण सुरू केलं. शिक्षणाचं महत्त्व, माझी सुटलेली शाळा, परिस्थितीवर मात. पूर्ण वाचलं. संघर्षनं पूर्ण ऐकलं. मग म्हणाला, मामा, फॉर्म मी शुक्रवारीच भरला. सरांनी हजेरीचं जमवून घेतो म्हणून सांगितलंय. मामींनी लिहिलं व्हतं, काम कर, पर परीक्षा बुडवायची न्हाई.

मी म्हणालो, कुठल्या मामींनी?

तो माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, तुमच्या.

चांगुणाबाईंनी तसबिरीच्या मागून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत चिठ्ठ्या. तेरा, पंधरा, वीस, मग मोजणं सोडलं. तेलानं पारदर्शक झालेले वहीचे कागद, प्रत्येकाला चार घड्या. पहिल्या आठवड्यात संघर्षनं रिकाम्या डब्यात लिहून टाकलं होतं, मामी, मटकी लई भारी, फक्त तिखट सोसत न्हाई. तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी तळाच्या पुडात. तिथून रोज. म्हणून तो मला डब्याला हात लावू देत नव्हता.

अक्षर सुवर्णाचंच. सातवीतलं, गोल.

"तिखट कमी केलंय. यांना सांगू नको, ओरडतील."

"ताप अंगावर काढू नको. वच्छलाबाईंना पेज मागून घे."

"बाबांना बसतं करून भरव, घाई करू नको. माझे सासरे असेच पडून होते दोन वर्षं. मीच करत होते."

माझे वडील. दोन वर्षं. त्या काळात मी दुकान वाढवत होतो.

आणि एक चिठ्ठी सप्टेंबरातली: "यांना सांगायला जमत नसेल तर राहू दे. माणूस चांगला आहे. बोलून दमले की ऐकतात, पण दमायला वेळ लागतो."

चांगुणाबाई म्हणाल्या, दादा, माझ्या पोराला सख्ख्या मावशीवानी सांभाळलं ओ त्यांनी. मला वाचता येत न्हाई, ह्यो वाचून दावतो. मी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, ताई उंच हायत का माझ्यावानी बुटक्या? संघर्षही माझ्याकडं बघायला लागला. त्यालाही माहीत नव्हतं.

मी सांगितलं, मध्यम आहे. कपाळावर लहानपणी पडल्याची खूण आहे. रंग सावळा. हसताना तोंडावर हात ठेवते. बरंच सांगितलं. दोघं मन लावून ऐकत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच संघर्ष मला म्हणाला, मामा, अजून सांगा की.

२५ ऑक्टोबर, सोमवार. सायंकाळी ५

डबा पोचवायला मीच जाणार. वहीचं एक पान फाडून चिठ्ठी लिहायला बसलो. तासभर झाला. "सुवर्णा, भाजी चांगली होती" एवढंच झालंय. ते खोडून पुन्हा तेच लिहिलं. रोहननं विचारलं, मामा, काय लिहिताय? मी म्हणालो, काही नाही. तो म्हणाला, बरं.

एसटी साडेपाचला सुटते. दौंड ते शिरूर दोन तास. सुवर्णानं दौंड अजून पाहिलेलं नाही. खाली लिहिलं, एकदा येतेस का?