शेकाची वेळ

५ डिसेंबर २०२५, शुक्रवार

आमची लेक दिपमाला बाळंत होऊन पाचव्या दिवशी दवाखान्यातून घरी आली. मुलगी झाली. नाक आमच्याकडचं, रडणं पुनाच्या माहेरचं — हे मी पुनाच्या तोंडावर बोललो. बायको हसली, म्हणजे दिवस चांगला गेला.

दिपमालाला मायची खोली दिली. पुना म्हणाली, "पुढची द्या ना." का म्हणून? पुढच्या खोलीत रस्त्याची धूळ, गाड्यांचे भोंगे. मायची खोली म्हणजे थर्मास! गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मी स्वतः उभं राहून केली ती. छताला थर्माकोल, त्याखाली पीओपी, खिडकीच्या फटींना सिलिकॉन, दाराखाली रबराची पट्टी. दारावर झरोका होता, तो विटा लावून बुजवला, वरून प्लास्टर. धुळ्याचा उन्हाळा, बाहेर त्रेचाळीस, आत सव्वीस. एसी बंद केला तरी दोन तास गारवा हलत नव्हता. एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं इलेक्ट्रिशियन होतो, उगाच नाही. कॉलनीतले लोक खोली बघायला यायचे.

माय त्याच खोलीत गेली, यंदाच्या जानेवारीत. एकोणऐंशीची होती. डॉक्टर म्हणाले हृदय. म्हणून काय खोलीला कुलूप ठोकायचं?

६ डिसेंबर

थंडी म्हणजे थंडी. पेपरात साडेसात अंश लिहिलंय, मला चारच वाटले.

कमलबाई मालिशला यायला लागली. आधी बाळाची अंघोळ, मग दिपमालाची, मग शेक. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा आणि बाळंतशेपाची धुरी. दार-खिडकी गच्च बंद. "बाळंतीणले वारा नको लागाले, भाऊ." मी म्हटलं, कमलबाई, ह्या खोलीत वारा शिरून दाखवू दे, बक्षीस देतो. शेक साडेआठला सुरू, दहाला दार उघडतं.

८ डिसेंबर

दिपमालाचं डोकं दुखतंय. खजूर आणले.

९ डिसेंबर, मंगळवार

आज तिनं जेवण सोडलं. मळमळतं म्हणाली. मग हळूच — "आबा, आजी आली होती. उशाशी बसली होती. काही बोलली नाही."

मी म्हटलं, रक्त कमी आहे तुझं. बीएस्सी झालेली पोरगी, असलं काय बोलते! पण ती घाबरलेली नव्हती, हेच मला बरोबर वाटलं नाही. शांतपणे सांगत होती.

११ डिसेंबर

आता पुनालाही दिसली. शेकाला आत बसली होती, बाहेर आली ती भिंत धरून. "मागं कोणीतरी उभं होतं. मायचाच वास."

कमलबाईला तेवढंच हवं होतं. "भाऊ, खोलीमा काही शे. तुमनी माय शे ती. तिले पणती देखानी व्हती, तिना जीव अडकेल शे." मी ताट सरकवलं. म्हटलं, ह्या घरात भुताचं नाव काढायचं नाही, ज्याला काढायचं त्यानं चालतं व्हायचं. आवाज शेजारच्या भटूकडे गेला असणार. जाऊ दे.

पुना गप्प बसली. तिचं हे एक बरं आहे, वाद घालत नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

लिहू की नको असं झालंय.

कमलबाई आज लवकर गेली. पुनाचं डोकं धरलेलं, ती पडून होती. मग शेकाच्या वेळी मीच बाळाला मांडीवर घेऊन आत बसलो. दिपमालाला ग्लानी आलेली. खोली कशी उबदार! पोरगी छातीशी झोपली. कपाळात ठोके पडत होते, तिकडे लक्ष दिलं नाही.

माय बाजेच्या पायथ्याशी होती. हिरवं लुगडं, अंबाडा सुटलेला. माझ्याकडे पाठ. मी म्हटलं, माय. वळली नाही. मी पुन्हा हाक मारली. जिवंत असताना एका हाकेत ओ द्यायची, आज नाही दिली.

पोरीला घेऊन उठून बाहेर आलो. ओट्यावर बसून रडलो. साठी ओलांडलेला माणूस. ती माझ्याकडे का बघत नाही?

१४ डिसेंबर

झोप नाही. पहाटे उठून वहीत फॉल्ट शोधायला बसलो. गाडी सुरू होत नसेल तर रडून होत नाही, एकेक वायर तपासावी लागते.

माय कोणाकोणाला दिसली? दिपमाला, पुना, मी. कुठे? त्या खोलीत. कधी? सकाळी नवानंतर. दुपारी? कोणालाच नाही. संध्याकाळी? नाही. भूत काय सरकारी नोकरीत आहे, सकाळी येऊन सही करायला?

डोकं कोणाचं दुखलं? तिघांचं. कमलबाईचं? नाही, ती शेगडी ठेवून बाहेर येते, कपडे धुते.

पुढचं लिहायला हात वळत नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

हात वळला नाही त्याची फळं.

मी वर्कशॉपातल्या जुन्या मित्राला, समाधानला, विचारायला गेलो होतो. माझ्या मनात होतं तेच तो बोलला. "झुलाल, शेडचं दार लावून इंजिन चालू ठेवायचं नाही, हा नियम पोरांना कोण शिकवायचं? तूच ना! एकदा एक जण गाडीखालच्या खड्ड्यात बेशुद्ध पडलेला आठवतो का?" निखारा काय आणि इंजिन काय. हवा मिळाली नाही की जळताना विष सोडतो. वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मग भलतंसलतं दिसतं, मग झोप.

घरी पळत आलो. आणि माझ्या घरात काय चाललेलं! मी घरात नाही हे बघून कमलबाईनं मायला वाटेला लावायचं ठरवलेलं. एकाच्या दोन शेगड्या. मिरच्या, मीठ, लोबान. दाराच्या पट्टीवर गोधडी कोंबलेली, धुरी बाहेर जाऊ नये म्हणून. पुना आणि कमलबाई बाहेर हात जोडून बसलेल्या. आत दिपमाला आणि बाळ.

दार ढकललं. बाळ रडत नव्हतं. ओठ लालभडक. दिपमालाला हाक मारली, डोळे उघडले, ओळख नाही. दोघींना उचलून, ओढून, कसं ते माहीत नाही, अंगणात आणलं. थंड वारा लागला तशी बाळानं तोंड वेडंवाकडं केलं आणि जी रडली! एवढं गोड काही मी ऐकलेलं नाही. भटूनं गाडी काढली. दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला.

संध्याकाळी घरी आलो, छिन्नी-हातोडा घेतला आणि झरोका फोडला. मीच लावलेल्या विटा. प्लास्टर इतकं पक्कं केलं होतं की दोन तास लागले.

१७ डिसेंबर

दोघी घरी आल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर दोघी हाती लागल्या नसत्या.

शेगडी आता ओसरीत. कमलबाई रुसली, मग आली. झरोक्याला जाळी बसवली. खोली पहिल्यासारखी गरम राहत नाही. राहू नये.

माय कोणालाच दिसली नाही.

१९ डिसेंबर

हे कोणाला सांगू? म्हणून इथे लिहितो.

जानेवारीत मायला थंडी सोसत नव्हती. शेगडी तिच्या खोलीत रोज मीच ठेवायचो. त्या सकाळीही मीच ठेवली. निखारे छान फुलवून. ऊब जायला नको म्हणून दार मीच लोटलं. अकरा वाजता चहा घेऊन गेलो तेव्हा तोंडावर लाली होती. सगळे म्हणाले, किती शांत गेली, चेहरा बघा. मीही तेच सांगत फिरलो. दहाव्याला, तेराव्याला.

हृदय नव्हतं ते. मी होतो.

२१ डिसेंबर, रविवार

पुनाला सांगितलं. स्वयंपाकघरात, ती भाकरी थापत होती. वाटलं, रडेल, शिव्या देईल. तिनं तवा उतरवला.

"मायनं मला दोनदा सांगितलं होतं," ती म्हणाली. "'डोकं दुखस, पुना. झुलालले सांग, झरोका उघाडी दे.'"

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं?

तिनं तवा परत चढवला. "तुम्हाला सांगायचं, खोलीत खोट आहे म्हणून?" एवढंच म्हणाली.