पाणकराच्या वाट्याची दारू

प्रिय बाबा,

परवा तुमची तेरवी झाली. काल सकाळी नामदेव अंगणात बसला होता. तुमच्यासाठी भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवत त्यानं मला विचारलं, "ताई, बाबा कोठी गेले व?" मला वाटलं, दुःखानं बोलतोय. पण तो खरंच तुमची वाट बघत होता! म्हणून लिहायला बसले.

सत्तर सालच्या आसपास गावानं तुम्हाला पाणकर केलं. तळ्याचं तुडुम उघडून पाणी सोडायचं, कोणाच्या धानाच्या बांधीत ते कधी जाऊ द्यायचं ते तुम्ही ठरवायचं. केवढा मान! ज्याच्या धानाला पाणी मिळे, तो मोहाची पाजल्याशिवाय तुम्हाला हलू देत नसे. आणि तुम्हाला नाही म्हणणं कधी जमलंय?

पुढे सकाळी हात कापू लागले. गावानं त्यावरही औषध काढलं. "एक घोट घ्या पाणकर, मंग उघडा." घोट गेला की हात थांबायचे. सगळ्यांना वाटे, गुण आला!

मग पाणी सोडून तुम्ही विसरू लागलात. वर शपथेवर सांगायचात, "मी बंद केलो, सुखदेव संगं होता." सुखदेव तर गाव सोडून कधीचा भिलाईला कामाला गेलेला! आम्ही तुम्हाला खोटारडे म्हटलं. भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणाले, "खोटं नाही बोलत ते. इतक्या वर्षांच्या दारूनं मेंदूतली आठवण खाल्ली. रिकाम्या जागी मेंदू सुचेल ते भरतो, आणि त्यांना ते खरंच वाटतं."

आई गेल्यावर ते उमगलं. रोज विचारायचात, "तुई माय कोठी गेली?" सांगितलं की पहिल्यांदा ऐकल्यासारखे रडायचात. शेवटी आम्ही म्हणू लागलो, "रोवणीले गेली." तुम्ही मुकाट जेवायचात. भर उन्हाळ्यातसुद्धा! एकदा तरी भांडायचं होतं ना, बाबा, उन्हाळ्यात कसली धानाची रोवणी?

तुम्ही खाट धरलीत तेव्हा पाणकी नामदेवकडे आली. मानाबरोबर बाटलीही. तो तर अजून चाळिशीचाही नाही हो!

काल नामदेवची बायको हळूच म्हणाली, "बजारले गेले म्हणा न, ताई. निवांत जेवतीन ते."

नाही, बाबा. उद्या पहिल्या यष्टीनं मी त्याला भंडाऱ्याला नेते. पाणकी जाते तर जाऊ दे. आणि तो विचारेल तितक्या वेळा मी सांगेन, बाबा मेले. अजून ऐकून रडतो तो. रडू दे.

तुमची,
शेवंता