पाच वाजता, ठकीच्या घड्याळात

सोमवार, ९ फेब्रुवारी

तीर्थरूप आईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या मुलीशी माझं नातं कागदावर संपलं, पण तुम्हाला आई म्हणायची सवय जात नाही, तेव्हा रागावू नका. फोन करत नाही, कारण बोलायला लागलो की माझा आवाज चढतो. ट्रक चालवून चालवून सगळ्यांशी इंजिनाच्या वरच्या पट्टीतच बोलतो मी.

आई, घटस्फोटाचा करार झाल्यापासून दोन रविवार झाले, ठकी फोनवर आलीच नाही. करारात रविवारी पाच वाजता म्हटलंय. मी डेपोवर दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून बरोब्बर पाचला व्हिडिओ कॉल लावतो, तर तुमच्या दुकानातला तो फोन बंद. परत लावतो, परत बंद. आठवड्यातून एक तास माझ्या वाट्याला, तोही असा काढून घ्यायचा? सलग तीन वेळा कॉल झाला नाही तर कॉलच थांबणार, हे तुमच्या मुलीलाही ठाऊक आहे. मुद्दाम चाललंय का हे? तुम्ही खोटं बोलणार नाही, म्हणून तुम्हालाच विचारतो. सात वर्षांच्या पोरीला बाप विसरायला किती वेळ लागणार?

तुमचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे? शिलाई मशीन पायाने मारू नका, मोटर बसवून घ्या.

जीव आहे तोवर लोभ राहू द्या.
आपला,
(माजी) जावई

गुरुवार, १२ फेब्रुवारी

चि. जावईबापूंस,
अ. उ. आ.

कंसातलं ते ‘माजी’ पुढच्या पत्रात दिसलं तर पत्र परत पाठवीन.

तुमचं पत्र वाचून डोकं गरगरलं. अहो, फोन बंद कुठला? दोन्ही रविवारी ठकी माझ्या दुकानात, कापड कापायच्या टेबलापुढच्या खुर्चीवर वेणी घालून पाचच्या आधीपासून बसली होती. तो जुना फोन तिच्या आईने माझ्यादेखत चालू केला. पाव तास वाट पाहिली. मग ठरल्याप्रमाणे फोन बंद करून ती पोरीला पोहायला घेऊन गेली. पहिल्या रविवारी ठकी रडली. दुसऱ्या रविवारी रडली नाही, ते मला जास्त लागलं.

आणखी एक. तुमच्या दोघांच्या सामायिक कॅलेंडरमधली कॉलची नोंद तुमच्याकडून पुसली गेली, असं ठकीच्या आईच्या फोनवर आलंय. ती म्हणते, याला मुलगी नकोच आहे, तर मी कशाला धडपडू. मी काय उत्तर देऊ? तुम्ही लावला म्हणता, आम्ही वाट पाहिली म्हणतो, आणि मला दोघांचंही खरं वाटतंय.

येत्या रविवारी काहीही करा, पण चुकू नका. पाया पडते म्हटलं असतं, पण गुडघे वाकत नाहीत.

तुमच्या काळजीने अर्धी झालेली,
आई

मंगळवार, १७ फेब्रुवारी

तीर्थरूप आईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र डेपोवर पडून होतं आणि मी रस्त्यावर. संपलं सगळं. तिसरा रविवारही गेला.

परवा मी तुमच्या बाजूच्या हद्दीत होतो. दोन रात्री चाक हातात होतं, म्हणून दुपारी केबिनमध्ये आडवा झालो. म्हटलं, पाचला फोन उठवेलच. त्याने उठवलं तेव्हा बाहेर दिवे लागत होते आणि घड्याळात सहा! तुमचा फोन बंद. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. मध्ये वेळेची हद्द आहे, आमच्या डेपोचं घड्याळ तुमच्यापेक्षा एक तास मागे. मी माझ्या कॅलेंडरमध्ये ‘पाच’ डेपोवर बसून टाकले, म्हणजे फोनच्या लेखी ते डेपोचे पाच. तुमच्याकडचे सहा! मी दर वेळी ठकी निघून गेल्यावर दार वाजवत होतो.

आणि तुमच्या मुलीने केलेली नोंद मला चारची दिसायची. ती बरोबर होती, आई. तुमच्याकडचे पाच, माझ्याकडचे चार. मला वाटलं, मला चुकवायला तिने वेळ सरकवली. रागाच्या भरात मीच ती पुसली.

आता वेळक्षेत्र आपोआप बदलणं बंद करून पाहिलं, तर हद्द ओलांडूनही फोन जुनंच घड्याळ धरून बसतो. चालू केलं, तर हद्दीवर घटकेत पुढे, घटकेत मागे. सिंक दाबलं, तर सगळ्या नोंदी दुप्पट झाल्या. सतरा टनांचा ट्रक अरुंद गल्लीत मागे घेतो मी, आणि हे तळहाताएवढं यंत्र माझं ऐकत नाही. कालपासून गळ्याखाली घास उतरलेला नाही. तिला सांगा, मी मुलीला टाकलेलं नाही. एवढंच सांगा.

पोटचा मानत असाल तर एवढं करा.
आपला,
जावई

शुक्रवार, २० फेब्रुवारी

चि. जावईबापूंस,
अ. उ. आ.

आधी जेवून घ्या, मग वाचा.

तुमची दोन्ही पत्रं मी तिच्यापुढे ठेवली. तिने ती दोनदा वाचली. मग म्हणाली की याचा राग आधी धावतो आणि अक्कल मागून येते, हे मला नवीन नाही. पण एक रविवार दिला तिने, १ मार्चचा. एकच.

आता नीट ऐका. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी माझ्याच फोनवर शिवलेली पँट द्यायची एक नोंद करून पाहिली. वेळेच्या खाली बारीक अक्षरात वेळक्षेत्राची ओळ असते. ती दाबली की गावांची यादी येते. तुम्ही तिथे आमचं गाव निवडून पाच टाका. मग तुम्ही पृथ्वीच्या टोकाला गेलात तरी ते आमचेच पाच राहतील. तुमच्या घड्याळात चार दिसले तर चारला लावा, भांडू नका त्याच्याशी. फोनचं घड्याळ आपोआपच राहू द्या. बाकीच्या जुन्या नोंदी काढा, पण तिने आता नव्याने पाठवलेली ठेवा! त्या दिवशी हद्दीजवळ फिरकू नका, आणि झोपू नका.

ठकीला सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं.

देवाला सोडून तुमच्या फोनला हात जोडणारी,
आई

सोमवार, २ मार्च

तीर्थरूप आईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही म्हणालात तसं सगळं केलं. तुमच्या पाचाला पहिल्याच घंटीत फोन उचलला गेला. आणि समोर रिकामी खुर्ची.

तुमच्या मुलीने बाजूने सांगितलं की ती येत नाही म्हणते. बाकी ती काही टोचून बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. मी तासभर त्या खुर्चीशी बोललो. भर पुलावर टायर फुटला ते सांगितलं, क्रेनवाल्याची टोपी नदीत गेली ते सांगितलं. वेड्यासारखा हसलोसुद्धा मध्ये. मग तास संपला.

आई, मी थांबतो. यंत्र दुरुस्त झालं, पण पोरीचं मन मी कुठली ओळ दाबून बदलू? तिला दर रविवारी त्या खुर्चीची शिक्षा नको. डेपोत लांबचा मार्ग रिकामा आहे, तो मागून घेतो. सोबतचं करार रद्द करायचं पत्र तुमच्या मुलीला तुम्हीच द्या, माझ्याने होणार नाही.

माझ्या मागे तिला माझं बरं तेवढं सांगत जा.
जावई

गुरुवार, ५ मार्च

चि. जावईबापूंस,
अ. उ. आ.

पत्र मी कुणालाही दिलेलं नाही आणि देणार नाही. लांबचा मार्ग घेतलात तर ट्रकपुढे आडवी पडेन.

खुर्ची रिकामी होती, टेबलाखालची जागा नव्हती. तुमचा फोन वाजला तेव्हा ठकी मागच्या भिंतीशी, टांगलेल्या कोटांच्या आड होती. टायर फुटला तेव्हा ती मशीनपाशी आली. टोपी नदीत गेली तोवर रांगत टेबलाखाली पोचली होती. तोंडावर हात दाबून हसत होती. हसू ऐकू गेलं तर राग गेला असं कळेल ना तुम्हाला! मी बघितलं, तिच्या आईने बघितलं, आणि आम्ही दोघी मुकाट राहिलो.

काल न विचारता सांगितलं तिने. खुर्चीवर ती अजून बसणार नाही. पण टेबलाखालून बाबाचा नुसता आवाज येतो, तोंड दिसत नाही, तेव्हा रविवारी फोन जमिनीवर ठेवायचा. तिची आई पुटपुटली की फरशी गार असते, आणि उठून माळ्यावरची जुनी रजई काढून टेबलाखाली अंथरली.

दाढी करून या. माया पूर्वीइतकीच, तिच्यात एका तासाचाही फरक नाही.
आई