काळं झाकण आणि कबुतरं

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी ९.
कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला, असं दुकानवाल्याचं निदान. वर म्हणतो, काका, पेटी इथेच ठेवा, मी बदलून देतो. म्हटलं, नवा बोर्ड तेवढा दे. चार स्क्रू फिरवायला मला माणूस लागत नाही. रेडिओपासून मिक्सरपर्यंत घरातलं सगळं मी स्वतः उघडलंय. त्यातल्या काहींना बंद व्हायला वेळ लागतोय, इतकंच.
रविवारी अकराला हिचा ऑनलाइन शिवणवर्ग सुरू होतोय. आयुष्यातला पहिला. अकरा जणींनी नावं दिलीत. कपडे बेतायचे सगळे नमुने ह्याच कॉम्प्युटरवर. ही म्हणाली, तोवर होईल ना हो? म्हटलं, दुपारच्या चहाआधी.

दुपारी ४.
बसवला. नव्या बोर्डावर मधोमध काळं प्लास्टिकचं झाकण होतं. आत धूळ जाऊ नये म्हणून कंपनीने दिलेलं. एखाद्या अडाण्याने उपटून फेकलं असतं. मी जपलं. त्याच्यावर उष्णता ओढणारी पेस्ट लावली आणि वर पंखा आवळला.
जुना बोर्ड बाल्कनीत टांगला. त्यावरचा चौकोनी पत्रा पुसल्यावर उन्हात झकास चमकतो. कबुतरांचा परस्पर बंदोबस्त.
बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळी. मॉनिटर दमला असावा.

मंगळवार, ४.
रॅम काढून खोडरबराने घासली. काळी. केबल बदलली. काळी. शेजाऱ्यांचा मॉनिटर आणून लावला. तोही काळा. म्हणजे शेजाऱ्यांचाही बिघडलेलाच. त्या घरात कुठली वस्तू धड असते?

बुधवार, ५.
हिने माझ्या परस्पर जावयाला फोन केला. तो कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, म्हणजे एसीत बसून टाइप करतो. विचारतो, बाबा, पेस्ट लावलीत? लावली. पंखा नीट बसला? बसला. वायरी सगळ्या जोडल्यात? जोडल्या. मग ज्ञान संपलं. शनिवारी येतो म्हणाला. जेवायला, दुसरं काय.
कबुतरं आता त्या बोर्डावरच बसतात. निर्लज्ज जात.

गुरुवार, ६.
दुकानात गेलो. म्हटलं, तुझा बोर्ड फुटका आहे. तो म्हणाला, काका, प्रोसेसर बसवलात ना? म्हटलं, जे असायचं ते बोर्डावर असतंच, मला शिकवू नकोस. म्हणाला, पेटी तरी आणा, बघतो. आणि हसला. अशा माणसाच्या हाती पेटी देईन?

शुक्रवार, ७.
ही सगळे नमुने पुन्हा कागदावर काढत बसली आहे. मोठ्या कागदावर, पेन्सिलीने. फोनपुढे धरून दाखवणार म्हणे. म्हटलं, कशाला हात दुखवून घेतेस, उद्यापर्यंत करतो की. म्हणाली, दुखू देत.
तिची बोटं पेन्सिलीने काळी झाली होती. उगाच लक्षात राहिलं.

शनिवार, ८. दुपारी ३.
जावई आला. फोनवर बोलायला बाल्कनीत गेला आणि बोलता बोलता थांबला. बाबा, हे इथे का टांगलंय? म्हटलं, कबुतरांसाठी. बघ, पत्रा कसा चमकतो!
 त्याने बोर्ड खाली घेतला, एक बारीकशी दांडी वर केली आणि तो पत्रा दोन बोटांत अलगद उचलला. बाबा, हा प्रोसेसर. कॉम्प्युटरचा मेंदू. हा काढून नव्या बोर्डात घालायचा असतो. तुमच्या त्या काळ्या झाकणाखाली ह्याचीच जागा रिकामी आहे.
म्हणजे पाच दिवस मेंदू बाल्कनीत आणि मी आत रॅम घासतोय. बोर्डाच्या मागच्या बाजूचा कबुतरांनी शिटून यथेच्छ समाचार घेतला होता. पत्रा तेवढा वाचला.
ही म्हणाली, अहो, बटणं राहिली जुन्या सदऱ्याला आणि तुम्ही नव्याची काजं घेऊन बसलात!
जावई हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.
तरी टांगण्यापूर्वी तो पत्रा मी स्वच्छ पुसला होता, हे कोणी बोललं नाही.

रविवार, ९. सकाळी ११.२०.
स्क्रीन लागली. वर्ग सुरू. अकराच्या अकरा जणी हजर. दारावर हिची चिठ्ठी, ठळक अक्षरांत: आत येऊन कशालाही हात लावू नये. घरात आम्ही दोघंच. चिठ्ठी कोणासाठी, कळत नाही.
पत्रा गेल्यापासून कबुतरं मोकाट. त्यांचं घुमणं वर्गात ऐकू जातं, म्हणून मला बाल्कनीत बसवलंय. हातात वर्तमानपत्राची गुंडाळी. जुन्या बोर्डाच्याच खिळ्याखाली खुर्ची.
मला बघून सगळी उडाली. एक सोडून. ते माझ्या गुडघ्यावर बसलंय.